माणसे झाडांसारखी दिसू नयेत म्हणून

चिंतनासाठी वाचन : मार्क ८:२२–२६



बेथसैदा गावच्या आंधळ्याची गोष्ट चार शुभवर्तमानांपैकी फक्त मार्कच्या शुभवर्तमानात आहे. येशू त्याचा हात धरून त्याला गावाबाहेर नेतो, त्याच्या डोळ्यांना थुंकी लावतो, त्याच्यावर हात ठेवतो आणि काही दिसते का म्हणून विचारतो. त्याला दिसते, पण अर्धवट. माणसे त्याला चालत्या झाडांसारखी वाटतात. मग येशू दुसऱ्यांदा त्याच्या डोळ्यांवर हात ठेवतो, आणि त्यानंतरच त्याची दृष्टी पुरती उजळते.

धर्मशिक्षणाच्या वर्गात ही गोष्ट सांगितली की एखादे मूल हमखास विचारते, "येशूने पहिल्याच वेळी नीट का नाही केलं?" या प्रश्नावर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. आम्हाला मात्र या वर्षी त्याचा थोडाफार उलगडा पॅरिश ऑफिसातल्या एका नव्या मॉनिटरसमोर बसून झाला. म्हणून आज त्या मॉनिटरविषयी लिहीत आहोत.

आमच्या बेळगावकडच्या पॅरिशमध्ये सध्या स्मरणिकेचे काम चालू आहे. जुनी छायाचित्रे, आजी-आजोबांनी सांगितलेल्या आठवणी, वह्यांत हाताने उतरवून ठेवलेली भक्तिगीते, असे सगळे मराठीत एकत्र करायचे आहे. आमची बरीच मुले आता इंग्रजी किंवा कन्नड माध्यमात शिकतात. घरी मराठी बोलतात, पण वाचताना अडखळतात. या वह्या आज कुणी नीट छापल्या नाहीत, तर पुढे त्या उघडणारे हातच उरणार नाहीत, ही काळजी आम्हा सगळ्यांच्या मनात आहे.

पानांची मांडणी करणारा आमचा तरुण दिवसा कॉलेजला जातो आणि संध्याकाळी ऑफिसात येऊन बसतो. त्याने कौन्सिलपुढे मागणी ठेवली : डिझाइनच्या कामासाठी असतो तसा २७ इंची फोर-के मॉनिटर हवा. किंमत ३५,००० रुपयांच्या घरात. बैठकीत शांतता पसरली. मग एक ज्येष्ठ काका म्हणाले, "एवढ्यात तीन पोरांची वर्षाची फी भरून होईल." कुणीतरी लगेच बेथानीतल्या त्या स्त्रीचा दाखला दिला. तिने मौल्यवान सुगंधी तेल प्रभूवर ओतले, तेव्हाही लोकांनी गरिबांचे नाव पुढे केलेच होते की!

हा दाखला चर्चमध्ये फार सोयीचा असतो. कोणताही खर्च त्याच्या आड लपवता येतो. योहान सांगतो की तक्रार करणारा यहूदा पैशांची पिशवी सांभाळत असे आणि त्यातले पैसे चोरत असे. आमचे काका तर कित्येक वर्षे सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या कामासाठी पायपीट करून गरिबांची घरे गाठणारे. त्यांचा प्रश्न यहूदाचा नव्हता, तो खऱ्या गरजेचा प्रश्न होता आणि त्याला खरे उत्तर देणे भाग होते. शेवटी असे ठरले की रविवारच्या दानातले आणि शिक्षण निधीतले पैसे घ्यायचे नाहीत. दोन कुटुंबांनी आपणहून रक्कम दिली. काकांनी एक अट घातली : स्मरणिका झाल्यावर हा मॉनिटर झाकून ठेवायचा नाही. ज्याच्या घरी जुना फोटो किंवा जीर्ण कागद असेल त्याने तो आणावा, आणि त्याचे काम विनामूल्य करून द्यावे.

आता या यंत्राविषयी थोडे. मॉनिटरच्या काचेमागे बारीक ठिपके असतात, त्यांना पिक्सेल म्हणतात. प्रत्येक ठिपक्याचे लाल, हिरवा आणि निळा असे तीन भाग असतात, आणि त्यांचा उजेड कमी-जास्त करून बाकीचे रंग तयार होतात. आमच्या जुन्या फुल एचडी मॉनिटरवर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके होते, म्हणजे एकूण २०,७३,६००. फोर-के मॉनिटरवर ३,८४० गुणिले २,१६०, म्हणजे ८२,९४,४००. बरोबर चौपट. २७ इंची पडद्यावर एका इंचाच्या रेषेत असे सुमारे १६३ ठिपके बसतात.

आपल्या लिपीला या बारकाईची फार गरज आहे. इंग्रजी अक्षरे एकापुढे एक उभी राहतात. आपल्या अक्षरांवर रफार, अनुस्वार आणि मात्रा असतात, खाली उकार लटकतो, पोटात दुसरे अक्षर असते. ठिपके कमी पडले की 'श्रद्धा' मधला 'द्ध' म्हणजे काळा डाग होतो. रफार पुसला की 'स्वर्ग' चा 'स्वग' होतो, वरचा टिंब गेला की 'संत' चा 'सत' होतो. आमची मुद्रिते एक निवृत्त शिक्षिका तपासतात. त्या म्हणाल्या, "आता अख्खं पान एका वेळी वाचता येतं, नाक काचेला लावावं लागत नाही."

हे सांगताना फादर थॉमस स्टीफन्स यांची आठवण होते. हे इंग्रज जेज्वीट धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले, इथल्या लोकांची भाषा शिकले आणि तिच्यात त्यांनी ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचले. १६१६ साली राचोल येथे ते छापले गेले, पण रोमन लिपीत, कारण गोव्याच्या छापखान्यात देवनागरीचे खिळे नव्हते. शब्द आपले, ओवी आपली, आणि कागदावर मात्र परकी अक्षरे. आज आमच्या छोट्या ऑफिसात एका मुलाच्या समोर देवनागरीचा प्रत्येक उकार स्वच्छ उभा राहतो, तेव्हा ही साधी गोष्ट वाटत नाही.

पण ज्यासाठी हे लिहायला घेतले ती गोष्ट एका छायाचित्राची आहे.

स्मरणिकेसाठी आलेल्या फोटोंत १९६०च्या दशकातला एक कृष्णधवल फोटो होता, पहिल्या कम्युनियनचा. आकार सहा बाय चार इंच. मधोमध खुर्चीवर फादर, भोवती पांढऱ्या कपड्यांतले मुलगे, डोक्यावर जाळीचे वस्त्र घेतलेल्या मुली, मागे काही आईवडील. उजव्या कडेला चर्चचे बाजूचे दार आणि काळोख. फोटो एका इंचाला ६०० ठिपके या मापाने स्कॅन केला होता. म्हणजे ३,६०० गुणिले २,४००, एकूण ८६,४०,००० ठिपके. जुन्या मॉनिटरवर सगळा फोटो पाहायचा तर दर पाच ठिपक्यांमागे जेमतेम एकाला जागा मिळायची. नव्या मॉनिटरवर त्यातले बहुतेक ठिपके एकदम दिसू लागले.

त्या काळोखात एक बाई उभी होती. डोक्यावर पदर, एक हात दाराच्या चौकटीवर, पाय अनवाणी, नजर मुलांच्या रांगेकडे.

खरे तर तो कोपरा मोठा केला असता तर ती जुन्या मॉनिटरवरही दिसली असती. पण कोपरा मोठा करून पाहायला तिथे कुणीतरी असेल असे आधी मनात यावे लागते.

एका आजींना बोलावून दाखवले. त्यांनी लगेच ओळखले. "ही कॉन्व्हेंटात भांडी घासायची. तिची लेक त्या रांगेत आहे बघा, डावीकडून तिसरी." आम्ही विचारले, मग ती बाकीच्या आईवडिलांबरोबर का उभी नाही? आजी थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "तेव्हा कुणी कुठं उभं राहायचं ते सांगावं लागायचं नाही." बाप्तिस्मा सगळ्यांचा एकच होता, पण उभे राहण्याच्या जागा एक नव्हत्या. आपल्या समाजाच्या इतिहासातली ही गोष्ट कुठल्या नोंदवहीत सापडत नाही. ती त्या फोटोच्या कडेला मात्र होती.

पानाच्या मापात बसवायचे तर फोटोची एक बाजू कापावी लागणार होती, आणि मांडणीच्या दृष्टीने उजवी बाजूच सोयीची होती. आमच्या तरुणाने ते पान मोडले आणि फोटो समोरासमोरच्या दोन पानांवर पूर्ण घेतला. फोटोखालच्या नावांत आता तिचेही नाव आहे.

तिची नात आमच्याच पॅरिशमध्ये आहे. तिला बोलावले. ती मॉनिटरसमोरच्या खुर्चीत बसली आणि बराच वेळ पाहत राहिली. म्हणाली, "आजीचा एकही फोटो आमच्याकडे नाही." मग विचारले, "अजून मोठा होतो का?" चेहरा मोठा केला, तसा तो विरत गेला. जुन्या कागदातच त्यापुढे काही नव्हते. मॉनिटर कितीही चांगला असला तरी फोटोत जे उतरलेच नाही ते तो कुठून आणणार? आमचा तरुण म्हणाला की हल्ली असे प्रोग्रॅम आहेत जे अंदाजाने नाक-डोळे भरून चेहरा स्वच्छ करून देतात. नातीने क्षणभर विचार केला आणि मान हलवली. "नको. तो तिचा चेहरा नसेल." जसा आहे तसा फोटो छापून घेऊन ती घरी गेली.

संत पौल करिंथकरांना लिहितो की आत्ताचे आपले पाहणे अंधुक आरशात पाहण्यासारखे आहे. एक दिवस समोरासमोर पाहणे होईल, आणि देवाने आपल्याला जसे पूर्ण ओळखले आहे तसे आपणही ओळखू. हा उतारा आम्ही वर्गात कितीदा तरी शिकवला आहे. त्या संध्याकाळी तो त्या पुसट चेहऱ्यासमोर ऐकू आला. आम्हाला न दिसलेले तिचे डोळे देवाला पाठ आहेत.

या मॉनिटरने आणखी एक गोष्ट शिकवली, ती रंगांची. स्पष्ट दिसणे वेगळे आणि खरे दिसणे वेगळे. पडदा उजेडाने रंग तयार करतो, छापखाना शाईने, आणि पडद्यावरचे काही झगझगीत रंग शाईत उतरतच नाहीत. मरियामातेची गडद निळी शाल कागदावर जांभळी येऊ शकते. जांभळा तर आपल्याकडे आगमनकाळाचा आणि उपवासकाळाचा रंग, त्यामुळे हा फरक चर्चमध्ये लगेच डोळ्यांत येतो. शिवाय प्रत्येक मॉनिटर काळाबरोबर हळूहळू बदलतो. गंमत अशी की समोर बसलेल्याला ते कळत नाही, कारण डोळे सवय करून घेतात. पिवळट पांढराही अर्ध्या तासात शुभ्र वाटू लागतो.

म्हणून डिझाइनचे काम करणारे लोक काचेवर एक छोटे मापन यंत्र ठेवतात. पडद्यावर ठराविक रंग एकामागून एक येतात, यंत्र ते मोजते, आणि असायला हवा तो रंग आणि दिसतो तो रंग यांतला फरक संगणकात नोंदवून दुरुस्त केला जातो. याला कॅलिब्रेशन म्हणतात. महिन्या-दीड महिन्याने ते पुन्हा करावे लागते. मॉनिटरला स्वतःच्याच उजेडात स्वतःची चूक दिसत नाही. माप बाहेरूनच यावे लागते.

आपला विवेकही असाच नाही का? रोजच्या सवयीने पिवळट झालेले आपल्याला शुभ्र वाटते. शेजाऱ्याशी धरलेला अबोला, घरकाम करणाऱ्या बाईसाठी वेगळा ठेवलेला कप, मिस्साच्या वेळी ठरलेल्या बाकावर बसण्याचा हट्ट, यांत काही वावगे आहे असे वाटेनासे होते. म्हणून माता चर्च आपल्याला देवाच्या वचनापुढे आणि प्रायश्चित्त संस्काराकडे पुन्हा पुन्हा बोलावते. एकदा केले आणि संपले, असे ते काम नाही.

आता मुलांच्या त्या प्रश्नाकडे येऊ. बेथसैदाच्या त्या माणसाची आम्हाला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे त्याचा खरेपणा. जन्मभराच्या अंधारानंतर, किंवा कित्येक वर्षांच्या म्हणा, त्याला उजेड दिसला होता. तेवढ्यावर खूश होऊन "दिसतंय, दिसतंय" म्हणत तो घरी जाऊ शकला असता. पण माणसे झाडांसारखी दिसत असताना आपल्याला दिसते असे तो म्हणाला नाही. जे अर्धवट होते ते त्याने अर्धवटच सांगितले, म्हणून प्रभूचा हात दुसऱ्यांदा त्याच्या डोळ्यांवर आला. आपल्यापैकी बहुतेक जण त्या दोन स्पर्शांच्या मध्ये कुठेतरी उभे आहोत. आपल्याला माणसे दिसतात, पण कडेची अजून झाडांसारखी.

या आठवड्यात एक लहानशी साधना करू या. घरातला एखादा जुना समूह-फोटो काढा. मधल्या लोकांची नावे आपल्याला ठाऊक असतातच, कडेला उभे असलेले कोण ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि नाव फोटोमागे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहून ठेवा. आणि येत्या रविवारी मिस्सा संपल्यावर दारापाशी उभ्या असलेल्या एखाद्या व्यक्तीला तिचे नाव विचारा.

प्रार्थना : हे प्रभू येशू, तू आमचा हात धरून आम्हाला बाहेर आणले आहेस आणि आम्हाला थोडे थोडे दिसू लागले आहे. तेवढ्यावर आम्हाला थांबू देऊ नकोस. आमच्या डोळ्यांवर पुन्हा हात ठेव. दाराशी उभ्या असलेल्यांचे चेहरे आम्हाला दिसू देत, आणि जे चेहरे आमच्यासाठी पुसले गेले ते तुझ्याजवळ सुखरूप आहेत हा विश्वास आम्हाला दे. आमेन.