हिंगण्याची झोपडी

वऱ्हाडातल्या वरवट बकालसारख्या गावातून मुलगी पुण्याला शिकायला निघायची म्हटले, की एस.टी.ने शेगाव आणि तिथून रेल्वे. पण तिकिटाच्या आधी घरात प्रश्न उठतो, 'राहणार कुठं?' हिंगण्याचे मूळ याच प्रश्नात आहे. म्हणून पुण्याला गेले की शनिवारवाडा मागे ठेवून मी आधी तिकडे जाते.

आज त्या भागाला कर्वेनगर म्हणतात. मोटारींची गर्दी, घरांची दाटी. १९०० साली तिथे नुसता माळ होता. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी सहा एकर जमीन आणि साडेसातशे रुपये दिले, नि अण्णासाहेब कर्व्यांनी झोपडी उभारली. १८९६ साली काढलेला त्यांचा अनाथ बालिकाश्रम मग तिथे आला. शहरात प्लेग; शिवाय विधवांनी शिकावे हे सनातन्यांना सोसणारे नव्हते. स्वतः अण्णासाहेबांनी १८९३ साली विधवेशी विवाह करून मुरुडकरांचा बहिष्कार भोगलेलाच होता. दिवसा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे आणि संध्याकाळी पायी हिंगणे गाठायचे, असा त्यांचा क्रम. ती झोपडी अजून जपून ठेवली आहे. बघताना वाटते, एवढ्याशा छपराखाली केवढी माणसे सामावली!

त्यांत पार्वतीबाई आठवले मला फार मोठ्या वाटतात. अण्णासाहेबांची ही मेहुणी बालपणी शिकलेली नव्हती, पुढे विधवा झाली; आणि त्याच बाईने आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागितली, अमेरिकेत घरकाम करून दिवस काढले. आपण पुतळे मात्र पुरुषांचेच उभारतो!

१९१६ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, अण्णासाहेबांनी महिला विद्यापीठ काढले. पहिल्या महाविद्यालयात अवघ्या पाच विद्यार्थिनी. शिक्षण मातृभाषेतून, गृहजीवनशास्त्र, आरोग्य हे विषय मुद्दाम घातलेले. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाखांची देणगी देऊन आईचे नाव दिले, तेच आजचे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठ. बाईचे शिक्षण संसाराला धरून असावे, ही त्यांची कल्पना मला पटत नाही. मातृभाषेची पटते.

हिंगण्याच्या संस्थेचे मुलींसाठीचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९९१ पासून कर्वेनगरातच आहे. जिथे बालविधवा अक्षरे गिरवीत, तिथे मुली यंत्रांची गणिते सोडवितात. शिकवणे मात्र इंग्रजीतून. मराठीच्या मास्तरणीला ते जरा लागतेच.