दोन स्टेशनांचं अंतर

"यू.एस.ए. म्हणजे काय?" असं विचारलं की आमच्याकडची पोरं एका सेकंदात सांगतात, "उल्हासनगर सिंधी असोसिएशन!" डुप्लिकेट मालावरचा हा जोक फार जुना आहे. तरी हॉस्टेलच्या पहिल्याच आठवड्यात मी तो मारला. आख्खी रूम हसली. माझा उल्हासनगरचा रूम पार्टनरही हसला... आणि पुढे महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलला.

मी चामटोलीचा. बदलापूरला लोकल पकडली की उल्हासनगर दुसरं स्टेशन. तिथे मी जीन्स घ्यायला गेलोय, फर्निचर बघायला गेलोय. पण कुणाच्या घरात कधी पाऊल टाकलं नव्हतं.

गणपतीच्या सुट्टीत आम्ही दोघं योगायोगाने एकाच गाडीत होतो. पावसाने कहर केला होता. उल्हासनगरला गाडी थांबली ती थांबलीच. तो बॅग घेऊन उतरला, दोन पावलं गेला आणि मागे वळून म्हणाला, "चल रे, रात्रभर इथेच बसणार का?"

घरात शिरताच पाण्याबरोबर पापड आला. त्यांची तशी पद्धतच आहे. लाइट गेलेले. आतल्या खोलीत त्याचे आजोबा, म्हणजे सगळ्यांचे 'दादा', मेणबत्तीच्या उजेडात मटका वाजवत गात होते. सात-आठ वर्षांचे असताना ते सिंधमधून आले.

दादांनी भगत कंवरराम यांची गोष्ट सांगितली. जन्म १८८५ चा. पायात घुंगरू बांधून गायचे, शाह अब्दुल लतीफ यांचं काव्यही गायचे. ऐकायला हिंदू-मुसलमान दोघेही. १९३९ मध्ये मंझिलगाहच्या वादावरून सक्करकडे दंगली पेटल्या. त्याच काळात, १ नोव्हेंबरला, रुक स्टेशनवर रेल्वेच्या डब्यात त्यांना गोळ्या घातल्या गेल्या.

"मग गाण्याचा उपयोग काय झाला?" मी विचारून बसलो.

दादा शांतपणे म्हणाले, "बेटा, मारणारे दोन होते. रडणारे किती होते, आणि त्यात मुसलमान किती होते, ते माझे वडील सांगायचे."

मग फाळणी झाली. कल्याणजवळच्या लष्करी बराकींत निर्वासित आले. १९४९ मध्ये त्या छावणीचं उल्हासनगर झालं. पत्त्यात 'कॅम्प नंबर' मात्र अजून आहेच. प्रा. राम पंजवानी मटका घेऊन विखुरलेल्या सिंधी लोकांत गात फिरायचे, झुलेलालच्या नावाने त्यांना एकत्र आणायचे. "घर गेलं, जमीन गेली," दादा म्हणाले, "गाणं कोण काढून घेणार?"

मग मला विचारलं, "तुला काय येतं?" मी गावच्या हरिपाठाला पखवाज वाजवतो. पखवाज नव्हता, जुना ढोलक मिळाला. दादांनी शाह लतीफ सुरू केले. पहिली दोन मिनिटं मी नुसता चुकत होतो. मग लक्षात आलं, अरे, आठच तर मात्रा आहेत! आमचा भजनी ठेकाही आठचाच. पण वजन वेगळं. दादांकडे बघितल्याशिवाय सम सापडेना. शेवटी रूम पार्टनरच टाळी देऊन मला मात्रा दाखवायला लागला. ज्याच्यावर मी जोक मारला होता, तोच!

सकाळी स्टेशनवर मी सॉरी म्हटलं. तो म्हणाला, "माझे पणजोबा लोकलमध्ये गोळ्या-बिस्किटं विकायचे. मालावर हस, मेहनतीवर हसू नकोस." यावर मला काही बोलता आलं नाही.

संगीत माणसं जोडतं, हे वाक्य गॅदरिंगचा अँकर दरवर्षी म्हणतो. मी तेवढं छातीठोकपणे म्हणणार नाही. कंवरराम गाऊनही मारले गेलेच. आपल्या मेसमध्येही अजून 'त्यांचं' टेबल आणि 'आपलं' टेबल आहेच. पण साथ करायची तर समोरच्याचं ऐकावं लागतं, आणि एकदा नीट ऐकलं की त्याच्यावर तसला जोक मारताना जीभ अडखळते. माझी तरी अडखळते.

निघताना दादांनी एक मटका दिलाय. तो आमच्या रूमवर आहे. वाजवायला कुठल्याही टेबलावरच्यांनी यावं... फक्त रात्री दहाच्या आत, नाहीतर रेक्टर सर येतील!