गाव नसलेला पत्ता

पुण्यात वानवडीला, लष्करी गुप्तवार्तेच्या प्रशिक्षण केंद्रात होतो तोवर आईला माझा पत्ता कळत होता. एसटीत बसायचं, स्वारगेटला उतरायचं. मग पहिलं फील्ड पोस्टिंग आलं आणि पत्त्यातून गावच गेलं. नंबर, रँक, नाव, युनिट, आणि खाली ‘द्वारा ५६ एपीओ’, म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस. आई शेजारणींना सांगायची, पोरगं आता ‘आपो’ला असतं. चौथी शिकलेली ती, दर पत्रात विचारायची, तिकडं पाऊसपाणी कसं आहे? मी लिहायचो, बरं आहे.

फौजेची पश्चिमेकडची डाक दिल्लीहून पुढं जाते, पूर्वेकडची कोलकात्याहून. तिकडचा आकडा ९९. मधल्या डोंगरांची नावं पाकिटावर येत नाहीत. आमच्या कामात ती पाकिटाच्या आतही यायची नाहीत.

गुप्तवार्ता म्हटलं की लोकांना वेषांतर आठवतं. माझ्या वाट्याला आली ती रजिस्टरं, आणि बुखारीच्या शेगडीशेजारी बसून प्यायलेला खारा चहा. बकरवाल मेंढपाळांच्या कुठल्या ढोकीत, म्हणजे झोपडीत, पीठ नेहमीपेक्षा लवकर संपलं, कुठल्या घरचं कुत्रं रात्री भुंकलं नाही, दुधवाला आज वाट बदलून का आला, हे लिहून ठेवायचं. एकानं सांगितलं तर ती अफवा. त्याला न ओळखणाऱ्या दुसऱ्यानं तेच सांगितलं, की नकाशा उघडायचा. बहुतेक दिवस नकाशा घडीतच राहायचा, आणि त्याचा कंटाळा यायचा, हे कबूल करायला आता हरकत नाही.

१९९९ च्या मे महिन्यात बटालिकजवळच्या गारखोन गावचे ताशी नामग्याल हरवलेला याक शोधायला निघाले. दुर्बिणीतून त्यांना वर डोंगरावर अनोळखी माणसं दिसली आणि त्यांनी खाली येऊन फौजेला सांगितलं. पुढं कारगिल युद्धाचा आढावा घेणाऱ्या के. सुब्रह्मण्यम समितीनं गुप्तवार्ता यंत्रणेच्या उणिवांवर बोट ठेवलं. मी तेव्हा दुसरीकडंच होतो, तरी वाचताना मान खाली गेली. त्या माणसाला याकची काळजी होती म्हणून तो नीट बघत होता. आम्ही कशाची काळजी करत होतो?

आई मात्र नीट बघायची. पत्र किती दिवसांनी पोचलं हे ती कॅलेंडरवर मोजायची. कागद हुंगायची. एकदा रजेवर आलो तर भाकरी वाढता वाढता म्हणाली, “काश्मिरात हायस न्हवं? पत्राला रॉकेलचा वास येतोय, आन् गेल्या खेपेला अक्रोड आणलेस.” मी गप्प. “बरं, नको सांगूस,” म्हणाली आणि आमटी वाढली.

ती गेल्यावर तिची पत्र्याची ट्रंक उघडली. इनलँडपत्रांचे दोन गठ्ठे, ५६ चा वेगळा, ९९ चा वेगळा. तिसऱ्या दोऱ्यात तीनच पत्रं. तिन्हींत तेच, मी मजेत आहे, काळजी नसावी. तारखा बघितल्या आणि खाली बसलो. त्यातलं एक, तो दुधवाला परत आलाच नाही, त्या आठवड्यातलं होतं.

ही तीन वेगळी का, म्हणून बायकोला विचारलं.

“आई म्हणायच्या, तुमचं अक्षर एवढं सरळ कधी नसतं.”