ताईचं कूळ

तेलात जिरं टाकलं की अजूनही माझा हात क्षणभर थबकतो. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा तडतडीत थबकण्यासारखं काय आहे. पण आमच्या ताईने मसाल्याच्या डब्यावर केव्हाच आपला हक्क सांगून ठेवलाय, त्याला मी तरी काय करू. जिरं, धने, ओवा, बडीशेप, शिवाय फळीवर वेगळ्या डबीत बसलेला हिंग, हे सगळं एकाच कुळातलं, गाजराच्या कुळातलं, असं ती आईला येता-जाता ऐकवायची आणि आई कोथिंबीर निवडता निवडता म्हणायची, "असू दे बाई तुझं कूळ, आधी जेवायला बस."

ताई वनस्पतिशास्त्राची. आमचं घर साताऱ्यात, आणि साताऱ्यातल्या माणसाला कास हे काही लांबचं ठिकाण नव्हे, आमच्या नळाला पाणीच मुळी कासच्या तळ्यातून यायचं. तिथे फुलं असतात हे तेव्हाही सगळ्यांना माहीत होतं, फक्त ती बघायला रांगा लागत नसत. भाद्रपदात ती मला बरोबर न्यायची. यवतेश्वरचा घाट चढताना गाडीच्या काचा वाफेने भरायच्या, आत ओल्या रेनकोटांचा आणि डिझेलचा वास कोंडलेला असायचा, आणि पठारावर उतरलं की तो वास एकदम पुसला जाऊन भिजलेल्या कातळाचा, शेवाळाचा, कुजक्या गवताचा असा एक थंड वास नाकात शिरायचा. जेमतेम बाराशे मीटरची उंची, पण आठवणीत मात्र ते पठार ढगांच्याही वर आहे. तेरड्याचा गुलाबी रंग, सोनकीचा पिवळा, सीतेच्या आसवांचा निळा, हे सगळं पायाशी पसरलेलं असताना ताई त्यातून नाकासमोर चालत जायची, ती थेट बांधाच्या उतारावर, जिथे पिंदा उभी असायची.

पिंदा कुणाच्या डोळ्यात भरत नाही. पांढरी फुलं, तीही बारीक, खरबरीत लवेची खोडं आणि कातरलेली पानं. पण ताईने भिंग हातात दिलं की त्या पांढऱ्यात पुष्कळ काही दिसायला लागायचं. दांड्याच्या टोकाला एकाच ठिकाणाहून किरणांसारखे देठ निघतात, प्रत्येक देठाच्या टोकाला पुन्हा तसेच छोटे देठ, आणि त्यांच्यावर फुलं. म्हणजे छत्रीच्या प्रत्येक काडीवर आणखी एक छत्री उघडावी तसं. मधली फुलं अगदी लहान, नीटस, पाचही पाकळ्या सारख्या. काठावरच्या फुलांच्या मात्र बाहेरच्या बाजूच्या पाकळ्या ताणून मोठ्या झालेल्या आणि टोकाशी दुभंगलेल्या. लांबून पाहणाऱ्या माशीला सगळं मिळून एक मोठं फूल वाटावं म्हणून ही काठाची मंडळी एवढी तोशीस घेतात, असं ताई सांगायची. मला वाटतं, त्या काठावरच्या फुलांवर तिचा जरा जास्तच जीव होता. घरात थोरली होती ना.

मग ती एक पान दोन बोटांत चुरडून माझ्या नाकाशी धरायची. कोथिंबिरीच्या अलीकडचा, गाजराच्या पाल्याच्या पलीकडचा, थोडा उग्र, थोडा हिरवा असा तो वास संध्याकाळी घरी आल्यावरही तिच्या बोटांना असायचा, ती माझी वेणी घालायची तेव्हा कानामागून यायचा. चाखायची मात्र सक्त मनाई. "ओळख पटल्याशिवाय या कुळातलं काहीही तोंडात घालायचं नाही," ती बजावायची, कारण सॉक्रेटिसाला दिलेलं विषही याच कुळातलं.

फुलांवर हे कूळ आपली ओळख पूर्ण देत नाही, त्याला पिकलं फळ लागतं. म्हणून पाऊस ओसरल्यावर, पठार तांबूस पडून माणसं यायची थांबल्यावर, ताई पुन्हा जायची आणि कागदाच्या पुडीत चपटी फळं घेऊन यायची. या कुळाचं फळ वाळलं की मधोमध उकलून दोन होतं आणि दोन्ही अर्धुकं एका बारीक काडीला लोंबत राहतात. हे मला समजावं म्हणून तिने एकदा भिजवलेली बडीशेप गाजराच्या तुकड्यात खोचून ब्लेडने तिचे पातळ काप काढले होते. सूक्ष्मदर्शकाखाली अर्धुकाच्या पाच शिरा आणि त्यांच्या आडून सहा तेलनळ्या दिसल्या, चार पाठीकडे, दोन पोटाकडे. सारा वास त्या सहा नळ्यांत. उरलेलं गाजर आम्ही दोघींनी खाऊन टाकलं.

पावसाळ्यात आमची मधली खोली तिच्या दाबपेटीची. लाकडी चौकटींच्या मध्ये वर्तमानपत्रं, वर्तमानपत्रांत पिंदा, आणि बुरशी धरू नये म्हणून ओले झालेले कागद रोज बदलायचे, ते काम माझं. ओल्या शाईचा, पाल्याचा आणि पट्टे आवळलेल्या लाकडाचा तो मिळून एक वास होता, तो परत कुठे आला नाही. मग वाळलेली झाडं साडेसोळा बाय साडेअकरा इंचांच्या जाड कागदावर सुई-दोऱ्याने टाचायची आणि उजव्या कोपऱ्यात खाली तिच्या तिरक्या अक्षरातली चिठ्ठी: नाव, गाव, उंची, तारीख, गोळा करणार. ती सांगायची, जुन्या कागदांवर पिंदाचं नाव हेराक्लियम असं सापडतं. १९८६ साली मुखर्जी आणि कॉन्स्टन्स यांनी तिला तिथून उचलून पिंदा ही स्वतंत्र प्रजाती केली. पण जुनं नाव कुणी खोडत नाही. नवी चिठ्ठी शेजारी डकवायची, जुनी तशीच राहू द्यायची, अशी त्या लोकांची रीत.

ताई गेली ती ऐन उन्हाळ्यात. पठार तेव्हा नुसता काळा कातळ असतं, पिंदाचं जे काही असतं ते जमिनीखाली. आजारपणाचं मी काही सांगत नाही, त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. रेशनकार्डावरचं तिचं नाव मात्र कचेरीत लाल शाईने रेघ मारून कमी केलं, पट्टी लावून, सरळ रेघ. ते बघताना मला त्या जुन्या चिठ्ठ्यांची फार आठवण झाली.

कागद माझ्याकडे आहेत. फुलांचा पांढरा रंग चहासारखा झालाय, आणि वास म्हणाल तर नुसता जुन्या कागदाचा. पान चुरडून पाहावं असं कितीदा मनात येतं, पण ते पान तिने टाचलेलं आहे. आणि गंमत अशी की जिथे तिला शोधावं तिथे ती नाही, आणि जिथे शोधायचं नसतं, वरण उकळत असतं, कुकरची शिट्टी होणार असते, कुणीतरी मुखवासाची वाटी पुढे करतं, तिथे ती हटकून असते. एखाद्या माणसामागे एखादं फूल उरतं. हिने अख्खं स्वयंपाकघर मागे ठेवलं, आणि स्वयंपाकघराला सुट्टी नसते.

२०१२ मध्ये पश्चिम घाट जागतिक वारसा झाला, त्यात कासही आलं, आता सप्टेंबरात तिथे खूप गर्दी असते. तुम्हीही जाल. रंगीत गालिच्यांचे फोटो काढून झाले की उताराच्या कडेला जरा पांढरं काही दिसतंय का ते बघा, आणि जमलं तर खिशात दहापट मोठं दाखवणारं एक भिंग ठेवा. बाहेरच्या फुलांपासून सुरुवात करा. फक्त पान चुरडू नका, फूलही तोडू नका. आमच्या घरात आहेत तेवढी पुष्कळ झाली.