सोनटक्क्याची जागा

फुलझाडांविषयी लिहिण्याचा मला काडीचाही अधिकार नाही, हे आधीच कबूल केलेले बरे. मी मराठीचा मास्तर. रोज सकाळी पसरणीचा घाट उतरून वाईला जायचे, वर्गात कवितेतल्या मोगऱ्या-पारिजातकाचे रसग्रहण करायचे आणि संध्याकाळी घाट चढून पाचगणीला परतायचे. फुलांशी माझा संबंध एवढाच! पण एका झाडाने माझी जी फजिती केली, ती सांगितल्यावाचून राहवत नाही.

चार वर्षांपूर्वी वडील गेले आणि आईला मी चिपळूणजवळच्या आमच्या खेड्यातून इकडे आणले. तिचे सामान म्हणजे एक ट्रंक आणि एक गोणपाटाची पिशवी. पिशवीत ओल्या पेंढ्यात गुंडाळलेले सोनटक्क्याचे चार गड्डे होते.

"मोरीजवळचे आहेत," ती म्हणाली.

सोनटक्का हा हळदीचा आणि आल्याचा भाऊबंद. माणसाएवढे उंच दांडे, हातभर लांब रुंद पाने आणि शेंड्याला पांढरीशुभ्र, फुलपाखरांसारखी फुले. दिवस कलला की उमलायची, रात्रभर घमघमायची आणि दुसऱ्या दिवशी मान टाकायची. क्यूबा देशाने १९३६ साली याला राष्ट्रीय फूल ठरवले, हे मी कुठेसे वाचले होते. आता एखाद्या देशाचे राष्ट्रीय फूल काय मोरीजवळ लावायचे? मी व्हरांड्यासमोर जांभ्या दगडांचा वाफा बांधला आणि भर उन्हात, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेत भरेल असे ते गड्डे लावले.

आईलाही मी घरातली उत्तम खोली दिली. समोरची, मोठ्या खिडकीची. खिडकीतून कृष्णेचे सगळे खोरे दिसते.

दोघांनीही माझी निराशा केली. आमच्या तांबड्या मातीत पाऊस कितीही पडो, पाणी ठरत नाही. त्यात डोंगरावरचा वारा. पहिल्या वर्षी पानांच्या कडा करपल्या, चिरफाळ्या झाल्या. दुसऱ्या वर्षी तीन दांडे आले, फूल एकही नाही. मी खत घातले, पुस्तके चाळली. आई काहीच बोलली नाही. खोलीबद्दल विचारले, तर "छान आहे हो," म्हणायची आणि दिवसभर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसायची. अधूनमधून म्हणायची, "एकदा घराकडे जाऊन येते." ती गोणपाटाची पिशवी तिने घडी करून ट्रंकेवर ठेवली होती. गेली तर ती परत येणार नाही, हे मला कळत होते. विचारायचा धीर मात्र होत नव्हता.

तिसऱ्या वर्षी मे महिन्यात मी पेपर तपासून घरी आलो, तो वाफा रिकामा! आईने गड्डे उपटून, तोडून वेगळे केले होते आणि स्वयंपाकघरामागे, भांड्यांचे पाणी वाहते तिथे, सिल्व्हर ओकच्या सावलीत लावले होते. गड्डे खोल पुरले नव्हते. मातीने जेमतेम झाकले होते आणि वर ओकचाच पाचोळा पसरला होता. साहेबाने ऑस्ट्रेलियातून आणलेले झाड कोकणच्या सोनटक्क्यावर सावली धरून उभे होते. मी चिडलो. "माझा वाफा!" म्हणालो.

"तुझा वाफा झकास आहे रे," ती म्हणाली. "पण त्याला ओल लागते. आणि सोबत लागते."

सप्टेंबरातल्या एका संध्याकाळी धुके घरात शिरले, ते वास घेऊनच. मागे जाऊन पाहिले, तर पाच दांडे फुलले होते. आई उंबऱ्यावर बसली होती. आत हिची पोळ्यांची घाई, मुलांची भांडणे, भांड्यांचे आवाज. आणि मला एकदम समोरची खोली आठवली. खोरे दिसते खरे. पण त्या खोलीत माणसाचा आवाज येत नाही.

"आई, तुझी खाट स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत हलवू का?"

"कधीपासून म्हणेन म्हणत होते," ती म्हणाली. "तुला वाईट वाटेल म्हणून राहिले."

त्याच रात्री खाट हलवली. समोरच्या खोलीत आता माझी पुस्तके आणि उत्तरपत्रिका खोरे बघत असतात.

सोनटक्का आता माजला आहे. फुलून गेलेला दांडा पुन्हा फुलत नाही. आई तो बुडाशी कापते, नव्या कोंबाला जागा देते. जादा गड्डे ओढ्याकडेला टाकू का, म्हणून मी विचारले आणि लगेच स्वतःलाच आवरले. हवाई बेटांत आणि ब्राझीलमध्ये या देखण्या झाडाने ओढ्यांचे काठ बळकावून तिथल्या रानाला जागा उरू दिलेली नाही. आमच्या पठारांवर पावसाळ्यात याचाच भाऊबंद असलेली चवर आपली आपण उगवते; तिच्या घरात पाहुण्याने का घुसावे?

तेव्हा गड्डे शेजारीपाजारी जातात. मे संपता संपता आई ती गोणपाटाची पिशवी ट्रंकेवरून काढते, भरते आणि आळीत वाटून येते. देताना प्रत्येकीला बजावते, "समोर शोभेला लावू नका हं. मोरीजवळ लावा."

पिशवी रिकामी होऊन परत येते. तिच्याबरोबर आईही.