दोघींची नाणी

दापोली
भाद्रपद वद्य अष्टमी

चि. चिऊस,


परवा रात्री तुझा मेसेज आला. "आत्या, तुझ्या डबीतल्या नाण्यावरची बाई हीच का गं?" एवढंच विचारलंस आणि खाली जर्मनीतल्या ट्रिअरच्या त्या छतावरच्या चित्राचा फोटो. डोक्यामागे प्रभावळ, हाताशी दागिन्यांची पेटी. दोन ओळींत उत्तर देता आलं असतं, पण मला रात्रभर झोप लागली नाही. म्हणून आज सकाळची कामं उरकून कागद घेऊन बसले आहे.

तुझ्या चित्रातली बाई कोण, यावर विद्वानांचं अजून एकमत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या मोठ्या चर्चखाली खोदकाम झालं, तेव्हा त्या छताचे हजारो तुकडे सापडले आणि ते जुळवून हे चित्र उभं राहिलं. कुणी म्हणतं ही रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनची आई हेलेना, कुणी म्हणतं त्याची बायको फाउस्टा. या कुणी खऱ्या बायका नव्हेतच, असंही काहीजण म्हणतात. माझ्या नाण्यांवर मात्र नाव कोरलेलं आहे, त्यामुळे तिथे वाद नाही. एकावर हेलेना आहे. तू लहानपणी जिला 'अंबाड्याची बाई' म्हणायचीस ती दुसरी, थिओडोरा.

ही दोन्ही नाणी तुझ्या काकांनी लंडनमधल्या एका दुकानातून आणली. तेव्हा ते बोटीवर होते. साल चौऱ्याहत्तर असेल किंवा पंच्याहत्तर, तुझा बाबा तेव्हा शाळेत जायला लागला होता एवढं नक्की. लोक परदेशातून रेडिओ आणायचे, घड्याळं आणायचे. यांनी खिशातून कागदाची पुडी काढली, त्यात टिकलीएवढे दोन तांब्याचे तुकडे. वजन दीड ग्रॅमच्या आसपास. मी म्हटलं, हे काय आणलंत? तर म्हणाले, "या दोघी सवती आहेत."

गोष्ट अशी. हेलेना गरीब घरची, एका खाणावळीत काम करणारी होती असं म्हणतात. ती कॉन्स्टन्शियस नावाच्या सरदाराची लग्नाची बायको होती की नुसती ठेवलेली, हेही आता सांगता येत नाही. तिच्या पोटी कॉन्स्टंटाइन झाला. पुढे नवरा मोठ्या पदावर चढला, तेव्हा त्याने तिला दूर केलं आणि सम्राटाच्या घरातली थिओडोरा केली. तिला सहा मुलं झाली. पण ३०६ साली बाप मेल्यावर सैन्याने सम्राट म्हणून उचलून धरलं ते हेलेनेच्या मुलाला. त्याने आईला परत आणून मान दिला, तिला 'ऑगस्टा' केलं. तुझं ट्रिअर ही कितीतरी वर्षं त्याची राजधानी होती. ६७ मीटर लांबीचा तो दरबार अजून उभा आहे ना? एकदा सावकाश बघ, नुसते फोटो काढून निघू नकोस.

३३७ साली कॉन्स्टंटाइन गेला आणि काही महिन्यांत थिओडोराच्या बाजूची जवळजवळ सगळी पुरुषमाणसं कापली गेली. मुलगे गेले, नातू गेले. वाचले ते दोन लहान नातू, त्यातला एक पुढे ज्युलियन म्हणून सम्राट झाला. आणि चिऊ, नेमक्या याच काळात, ३३७ ते ३४०च्या दरम्यान, ही नाणी पाडली गेली. एकावर हेलेना, मागे ऑलिव्हची फांदी घेतलेली शांतिदेवता. दुसऱ्यावर थिओडोरा, मागे कडेवर मूल घेतलेली बाई. रोममध्ये पाडली, कॉन्स्टँटिनोपलमध्ये पाडली, पण सगळ्यात जास्त तुझ्या ट्रिअरच्या टाकसाळीत. माझ्या थिओडोराच्या पायाशी भिंगातून बघितलं तर टी, आर, एस ही तीन अक्षरं दिसतात. टी आर म्हणजे ट्रिअर, एस म्हणजे टाकसाळीतली दुसरी शाखा. कुळ एकच आहे असं लोकांना दाखवायचं असावं, असं मला वाटतं. रक्त सांडून झाल्यावर.

दोघी तेव्हा हयात नव्हत्या. म्हणूनच की काय, नावं चतुर्थीत आहेत. 'हेलेनाए', 'थिओडोराए', म्हणजे हेलेनेला, थिओडोरेला. आपण 'शिवाय नमः' म्हणतो ना, तसं. यांनी मला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा माझ्या हातातलं काम थांबलं.

कारण मला महालय आठवला. माझे वडील दादा, म्हणजे तुझे आजोबा, पितृपक्षात महालय करायचे. मी आठ-नऊ वर्षांची असेन. माजघराच्या उंबऱ्याशी बसून मी भटजींचं ऐकायची. आजोबांचं नाव, पणजोबांचं नाव, आजीचं नाव. मग 'सापत्नमाता' म्हणून एक नाव यायचं, ते मी घरात कधीच ऐकलेलं नव्हतं. ते आलं की दादांचा आवाज खाली यायचा. वाडीची केळीची पानं, काळे तीळ, ओल्या दर्भाचा वास आणि ते एक परकं नाव. मी आईला विचारलं, ही कोण गं? आई म्हणाली, पोळीचा हात आहे, मध्ये बोलू नको.

पुढे कळलं. तुझ्या पणजोबांची दोन लग्नं. पहिलीला मूल नाही म्हणून तिला माहेरी पाठवलं ते कायमचं. ती तिकडेच गेली. दुसरीच्या पोटी दादा. ओटीवर फोटो आहे तो दुसरीचा. पहिलीचा फोटो कुणी काढलाच नव्हता. वर्षातून एकदा, एका दुपारी, तिच्या सवतीचा मुलगा तिचं नाव घ्यायचा, तेवढंच तिचं या घरात उरलं होतं. चिऊ, तुझ्या बाबाला ते नाव माहीत नाही. मी गेले की कुणालाच माहीत नसेल.

यांनी ते चतुर्थीचं सांगितलं, तेव्हापासून मी यांच्याबरोबर नाणी वाचायला शिकले. यांनी पुढे चाळीसेक जमवली, सगळी कॉन्स्टंटाइनच्या या एकाच घराण्याची. पराक्रमी सम्राटांचं मला फार काही नाही. क्रिस्पसचं नाणं मला सगळ्यांत प्रिय. कॉन्स्टंटाइनचा थोरला मुलगा, सागरी लढाई जिंकून देणारा. ३२६ साली बापानेच त्याला मारवलं आणि त्याच वर्षी फाउस्टाही गेली. दोघांची नावं शिलालेखांवरून खरवडून काढली. पण दगडावरचं नाव छिन्नीने काढता येतं, बाजारात गेलेला पैसा परत कुणी गोळा करायचा? क्रिस्पस राहिला. फाउस्टाही राहिली, दोन पोरं छातीशी धरून. असली बारीक तांब्याची नाणी समुद्रमार्गे तामिळनाडूत करूरपर्यंत पोचली, तिथे नदीच्या पात्रात सापडतात.

एकदा गौरीच्या आधी माझ्या सासूबाईंनी पूजेच्या तांब्याबरोबर ते क्रिस्पसचं नाणंही चिंचेने घासलं. लखलखीत केलं आणि कौतुकाने यांच्या हातात दिलं. सोळाशे वर्षांचा हिरवा थर गेला, त्याबरोबर त्याचा डोळाही गेला. हे दोन दिवस जेवले नाहीत, पण आईला एक शब्द बोलले नाहीत. तू कधी घेतलंस तर हे लक्षात ठेव: डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवायचं, लाकडी काडीने माती काढायची, बस. आणि कुठून आलं ते न सांगणाऱ्याकडून घेऊ नकोस. शेतातून चोरून उकरलेला माल फार फिरतो. पावती घे.

एक बोलून टाकते, रागवू नकोस. तू मराठी लिहितेस ती रोमन लिपीत. तुझ्या पणजोबांचे कागद मोडीत आहेत, ते मला धड लागत नाहीत. उद्या माझं लिहिलेलं तुला लागलं नाही तर? फोनवर देवनागरी असते, मी शिकले सत्तरी उलटल्यावर. पुढचं उत्तर तसं लिही, चुका झाल्या तरी चालतील.

आणि थंडीत कानाला बांधत जा. तुझी आई सांगत होती, रात्रीचं जेवण म्हणून ब्रेड खातेस. मेतकूट पाठवते आहे.

नाणी मात्र पाठवणार नाही. शंभर वर्षांपलीकडची वस्तू अशी देशाबाहेर धाडता येत नाही, १९७२चा कायदा आहे. नाताळच्या सुट्टीत येशील तेव्हा डबी तुझ्या हातात देईन, आणि त्या पहिल्या पणजीचं नावही. ते मी या पत्रात मुद्दामच लिहिलेलं नाही. ते माझ्या तोंडून ऐक.

येताना चांगलं भिंग घेऊन ये. माझ्या भिंगाला तडा गेला आहे.

तुझी,
आत्या