कच्चे घर, पक्के घर आणि मेक्सिकोतला गवंडी

कच्चे घर व पक्के घर हा पाठ आपण सगळेच शिकवतो. माती, कुड, पत्रा म्हणजे कच्चे. वीट, सिमेंट म्हणजे पक्के. मुलं वहीत दोन चित्रं चिकटवतात आणि आपण न सांगताही समजतात, की एक चांगलं, एक वाईट. मग पत्र्याच्या घरातून येणाऱ्या मुलाने स्वतःबद्दल काय समजायचं?

जॉन टर्नर हे इंग्लंडचे वास्तुरचनाकार. 1957 साली ते पेरूला गेले आणि 1965 पर्यंत तिथे त्यांनी काम केलं. खेड्यातून आलेली माणसं लिमा शहराबाहेर मोकळ्या जागेवर आधी चटयांच्या झोपड्या उभारत. पैसे जमतील तशा विटा आणत. एक खोली, मग दुसरी, काही वर्षांनी वरचा मजला. लोक त्याला बकाल वस्ती म्हणत, टर्नरना त्यात चालू बांधकाम दिसलं.

1976 च्या 'हाउसिंग बाय पीपल' या पुस्तकात त्यांनी मेक्सिकोतल्या एका गवंड्याची हकिकत दिली आहे. त्याला झोपडीतून चांगल्या पक्क्या घरात हलवलं. झोपडीत असताना कमाईतले सुमारे 5 टक्के खर्च व्हायचे, नव्या घराचे हप्ते आणि वीज-पाणी मिळून 55 टक्के जाऊ लागले. शिवाय बायकोचा झोपडीतून चालणारा छोटा धंदाही बंद पडला. आयुष्यभर दुसऱ्यांची घरं बांधणारा माणूस, बरं का! म्हणून टर्नर म्हणतात, घर कसं आहे यापेक्षा ते माणसाच्या किती कामी येतं ते बघा.

यात झोपडीचं कौतुक नाही. जमीन, पाणी, गटार, कर्ज हे सरकारने बघावं, घराचे निर्णय मात्र राहणाऱ्याला घेऊ द्यावेत, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं.

यंदा वर्गात मी चित्रं बाजूला ठेवली आणि विचारलं, "तुमचं घर तुम्हाला काय काय देतं?" एकाच्या ओट्यावर आई भाजी विकते. एकीची आजी शेजारचं बाळ सांभाळते. "पावसात पत्रा वाजतो, झोप येत नाही," हेही आलं. नुकतीच सातव्या मजल्यावर राहायला गेलेली एक मुलगी म्हणाली, "आता गळत नाही. पण आईचं इडलीचं दुकान गेलं."

तुम्ही करून बघणार असाल तर हे तोंडीच घ्या. घराचे फोटो आणायला सांगू नका.